जर्नल खरं होतं, वेबसाइट खोटी

जर्नलने माझा संशोधनाचा पेपर स्वीकारल्याचं पत्र चौथ्या दिवशी आलं. मी त्याच संध्याकाळी फी भरली आणि मग गाइड मॅडमना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "रिव्ह्यू पाठव बघू."

रिव्ह्यू म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाचा अभिप्राय. तो म्हणून दोन ओळी आल्या होत्या. भाषा चांगली आहे, संदर्भ पुरेसे आहेत. पाठवायच्या आदल्या रात्री मी तिसरा तक्ता नव्याने केला होता आणि त्यात गडबड राहिली होती. नमुना १२० जणांचा, रकान्याची बेरीज ११२. मॅडमना ती दोन मिनिटांत दिसली. म्हणजे तिकडे माझा पेपर कुणी उघडूनही पाहिला नव्हता.

मी तपास न करता पैसे भरले असं नाही, आणि हेच मला सगळ्यांना सांगायचंय. मला आलेल्या मेलमध्ये जर्नलचं जे नाव होतं ते मी स्कोपसमध्ये, म्हणजे निवडक जर्नलांची नोंद असलेल्या डेटाबेसमध्ये, शोधलं. सापडलं. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आठ अंकी ओळख क्रमांक, जुळला. संपादक मंडळातली नावं खऱ्या प्राध्यापकांची होती. मग मी निश्चिंत होऊन मेलमधल्याच लिंकवरून पेपर पाठवला. चूक झाली ती तिथे. स्कोपसमधलं जर्नल वेगळं आणि त्या लिंकमागची वेबसाइट वेगळी. याला हायजॅक्ड जर्नल म्हणतात. जुन्या, चांगल्या नियतकालिकाचं नाव आणि क्रमांक उचलायचा, तशीच दिसणारी साइट उभी करायची आणि फी गोळा करायची. आयएसएसएन सगळ्यांना दिसतो, कुणीही छापू शकतं. तिथे पिअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासणी, होतो की नाही, हे त्यावरून कळत नाही.

त्यांनी दिलेला डीओआय, म्हणजे प्रत्येक पेपरचा स्वतंत्र ऑनलाइन ओळख क्रमांक, मी डीओआयच्या मूळ साइटवर टाकून पाहिला. असा क्रमांकच नाही, असं उत्तर आलं. मग स्कोपसच्या पानावरून प्रकाशकाकडे गेले. पत्ता वेगळाच होता, आणि पहिल्याच पानावर सूचना होती: आमच्या नावाने बनावट साइट चालू आहे, आम्ही लेखकांकडून फी घेत नाही. ती वाचताना हात गार पडले.

पेपर मागे घेते म्हटल्यावर त्यांनी त्याचीही फी मागितली. मी दिली नाही. कॉपीराइट दिलेला नाही, छापायला संमती नाही, असं लेखी कळवलं. तरी त्यांनी तो साइटवर चढवला. फीपेक्षा हे जास्त लागलं, कारण कुठलंही चांगलं जर्नल आधी विचारतं की हा पेपर दुसरीकडे छापला आहे का.

आता मी उलट्या दिशेने शोधते. माझ्या विषयातले जे पेपर मी खरोखर वाचते, ते कुठे छापून आलेत ते आधी बघते. जर्नल ओपन अॅक्सेस, म्हणजे सगळ्यांना फुकट वाचता येणारं, असेल तर डीओएजेमध्ये, म्हणजे अशा जर्नलांच्या सूचीत, आहे का ते पाहते आणि जर्नलच्या साइटवर तिथल्याच लिंकने जाते, मेलमधल्या लिंकने कधीच नाही. मागे घेतलेल्या पेपरांवर नजर ठेवणाऱ्या 'रिट्रॅक्शन वॉच' या साइटची हायजॅक्ड जर्नलांची यादी २०२२ पासून सगळ्यांना खुली आहे, तीही चाळते. त्या रात्री पाच मिनिटं काढून ती पाहायला हवी होती.

दुरुस्त केलेला पेपर, झालेला सगळा पत्रव्यवहार जोडून, दुसऱ्या जर्नलकडे पाठवला. तिसऱ्या महिन्यात दोन पानी रिव्ह्यू आला. पहिलाच प्रश्न होता: ते आठ जण मध्येच का गळाले?