मेसेज कंपायलर: जुनं पण भक्कम साधन

विंडोज एसडीकेतला (विंडोजसाठी प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनसंचातला) मेसेज कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचे संदेश कोडपासून वेगळे ठेवू देणारं साधन, मी आजही आवडीने वापरते. साध्या टेक्स्ट फाइलीत संदेश लिहायचा आणि शेवटी स्वतंत्र ओळीवर नुसतं टिंब द्यायचं. त्यातून हेडर (संदेशांचे आयडी क्रमांक असलेली फाइल), आरसी (रिसोर्सची यादी) आणि भाषेगणिक बायनरी फाइल तयार होते. ती आरसीमार्फत डीएलएलमध्ये (प्रोग्रॅम वापरतो त्या लायब्ररी फाइलीत) लिंक केली की विंडोजचं फॉरमॅटमेसेज हे फंक्शन आयडीवरून मजकूर उचलतं.

मला खरी मोलाची वाटते ती संदेशात नंतर भरायच्या, क्रमांक दिलेल्या जागांची (%1, %2) सोय. भाषांतरात शब्दक्रम उलटला तरी कोडला हात लावावा लागत नाही. याउलट स्ट्रिंग टेबल या मजकूर साठवायच्या दुसऱ्या सोयीतून लोडस्ट्रिंग हे फंक्शन नुसता मजकूर देतं, जागा आपणच भरायच्या. मात्र फॉरमॅटमेसेज वापरताना जागा भरणार नसाल तर ‘इग्नोर इन्सर्ट्स’ (जागांकडे दुर्लक्ष करा) हा फ्लॅग लावाच, नाहीतर प्रोग्रॅम कोसळू शकतो. शिवाय एक शब्द सुधारला तरी पुन्हा बिल्ड करावं लागतं, हे मला खटकतं.