शाळेच्या बसमधून उतरलेला मोटोरोला जीएम ३००

ओहायो राज्यातील झीनिया येथे दर मे महिन्यात हॅमव्हेन्शन हा हौशी रेडिओचा मोठा मेळावा भरतो. त्यातील जुन्या वस्तूंच्या मोकळ्या बाजारात मी मोटोरोला कंपनीचा जीएम ३०० हा व्हीएचएफ या वारंवारता-पट्ट्यावरचा मोबाइल सेट, म्हणजे गाडीत बसवायचा बोलण्या-ऐकण्याचा रेडिओ, तीस डॉलरना घेतला. तो पूर्वी शाळेच्या बसमध्ये बसवलेला होता. सेट चालू होतो, दिवा लागतो, पण आवाज येत नाही, असे विक्रेत्याने प्रामाणिकपणे सांगितले होते आणि किंमतही त्यामुळेच उतरली होती. तेव्हापासून सुमारे दहा महिने हा सेट माझ्याकडे अहोरात्र चालू आहे. त्या अनुभवावरून आणि त्याला हॅम म्हणजे हौशी पट्ट्यावर आणताना जे करावे लागले त्यावरून हे परीक्षण लिहीत आहे.

प्रथम त्या आवाजाविषयी सांगतो, कारण असे ‘मुके’ सेट बाजारात वारंवार दिसतात. जीएम ३०० च्या पाठीमागे सोळा पिनांचा एक ॲक्सेसरी कनेक्टर असतो आणि आतल्या स्पीकरकडे जाणारा आवाज त्यातील १५ व १६ या पिनांमधून फिरून येतो. बाहेरचा स्पीकर जोडता यावा म्हणून ही योजना केलेली आहे. बसमधून सेट काढताना मागची वायरिंग कापली की या दोन पिनांना जोडणारा जंपरही तिच्याबरोबर निघून जातो आणि सेट पूर्ण शाबूत असूनही गप्प होतो. घरी आणल्यावर मी त्या दोन पिनांमध्ये तारेचा एक छोटा तुकडा बसवला आणि स्क्वेल्च (रिकामी खरखर दाबून ठेवणारी योजना) उघडताच स्पीकरमधून खरखर ऐकू आली. म्हणून मुका जीएम ३०० दिसला तर नापास करण्याआधी त्याची पाठ अवश्य पाहावी.

इतका भक्कम सेट इतक्या कमी किमतीत का मिळतो, याचे कारण कायद्यात आहे. अमेरिकेतील एफसीसी या नियामक संस्थेने व्हीएचएफ व त्याहून उच्च वारंवारतेच्या यूएचएफवरील व्यावसायिक वापरकर्त्यांना २५ किलोहर्ट्झऐवजी १२.५ किलोहर्ट्झच्या अरुंद चॅनेलवर जाण्यास १ जानेवारी २०१३ ही मुदत दिली होती. फक्त रुंद चॅनेलसाठी बनवलेले असंख्य सेट त्यामुळे टॅक्सी, बस, बांधकाम आणि सुरक्षा या व्यवसायांतून बाहेर पडले. हौशी पट्ट्यांना हा नियम लागू नाही. तेथे एफएमचे डेव्हिएशन (वारंवारतेचे दोन्ही बाजूंना सरकणे) आजही साधारण ५ किलोहर्ट्झ असते, त्यामुळे व्यवसायाने निरुपयोगी ठरवलेला सेट आपल्याला मात्र तंतोतंत बसतो. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. जीएम ३०० च्या काही आवृत्त्या अरुंद चॅनेलसाठी बनवलेल्या आहेत आणि त्यांतील फिल्टर रुंद एफएमचा आवाज कापून विकृत करतात. असा सेट ‘नवीन पद्धतीचा’ म्हणून महाग विकला जातो, पण आपल्या कामाला तो उलट कमी योग्य आहे.

खरेदीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वारंवारतेच्या पट्ट्याचा आहे आणि बहुतेकांची फसगत येथेच होते. मॉडेल क्रमांक ‘एम’ या अक्षराने सुरू होतो. त्यानंतरच्या दोन अंकांतील दुसरा अंक ३ असेल तर सेट व्हीएचएफ, ४ असेल तर यूएचएफ. पण एवढ्याने भागत नाही, कारण व्हीएचएफमध्येही १३६ ते १६२ मेगाहर्ट्झचा आणि १४६ ते १७४ मेगाहर्ट्झचा अशा दोन जाती आहेत. अमेरिकेतील दोन मीटरचा हौशी पट्टा १४४ ते १४८ आहे आणि पहिल्या जातीत तो पूर्णपणे सामावतो. दुसऱ्या जातीचे काही सेट १४६ च्या थोडे खाली उतरतात, काही उतरत नाहीत, आणि उतरले तरी तेथे ग्रहणक्षमता घटू शकते, म्हणून पंधरा डॉलर वाचतात एवढ्यावरून ती जात घेऊ नये. भारतातील वाचकांसाठी हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा आहे, कारण भारतात दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४६ एवढाच आहे, म्हणजे दुसरी जात जेथे सुरू होते नेमका तेथेच आपला पट्टा संपतो. अर्थात भारतात असा सेट हाताळण्यापूर्वी हौशी परवाना हातात असणे आवश्यक आहे, कारण परवान्याशिवाय प्रक्षेपक नुसता जवळ बाळगणेही कायद्याला मान्य नाही.

आता प्रोग्रामिंग. या सेटवर वारंवारता टाकण्यासाठी अंकांचा कळफलक नाही. चॅनेल, टोन (ठरावीक सूर सोबत असलेलेच बोलणे ऐकवणारी खूण), प्रक्षेपणाची कालमर्यादा, किंबहुना शक्ती आणि डेव्हिएशनची जुळवणीसुद्धा, सर्व काही मोटोरोलाच्या आरएसएस या, डॉस या जुन्या संगणक-व्यवस्थेवर चालणाऱ्या प्रणालीतून होते. संगणक आणि सेट यांच्यामध्ये रिब नावाची छोटी पेटी लागते. ती संगणकाच्या सीरियल पोर्टचे विद्युत्स्तर सेटला चालतील असे बदलते आणि तिची तार मायक्रोफोनच्या सॉकेटमध्ये जाते. ही प्रणाली जुन्या, संथ संगणकासाठी लिहिलेली आहे, आणि वेगवान यंत्रावर चालवल्यास लिहिताना माहिती बिघडून सेट निकामी होऊ शकतो. म्हणूनच आमच्या क्लबमधील ज्येष्ठ मंडळींनी खरा सीरियल पोर्ट असलेला एक जुना लॅपटॉप केवळ या कामासाठी जपून ठेवला आहे. ही प्रणाली परवान्याने दिली जात असे, म्हणून ज्याच्याकडे ती रीतसर आहे अशा मित्राकडून वा दुरुस्तीच्या दुकानातून काम करून घेणे उत्तम. माझ्या सेटचे काम क्लबच्या टेबलावर एका संध्याकाळी झाले.

त्या संध्याकाळी सर्वांत आधी बस कंपनीचे सगळे चॅनेल पुसून टाकले. हे मी आग्रहाने सांगतो, कारण जुने चॅनेल तसेच ठेवल्यास चुकून पीटीटी (बोलण्यासाठी दाबायची कळ) दाबली जाऊन दुसऱ्याच्या परवान्याच्या वारंवारतेवर प्रक्षेपण होऊ शकते. बसचालकाच्या संभाषणात तसा व्यत्यय येणे ही गंभीर बाब आहे. व्यावसायिक सेट हौशी पट्ट्यावर वापरण्यास अमेरिकेत मनाई नाही, मात्र हॅमसाठी बनवलेला सेट व्यावसायिक वारंवारतेवर वापरता येत नाही.

माझा हेतू या सेटला एपीआरएसचा डिजिपीटर करण्याचा होता. एपीआरएस म्हणजे हौशी मंडळींनी आपले स्थान व छोटे संदेश ‘पॅकेट’ या माहितीच्या तुकड्यांतून पाठवण्याची पद्धत, आणि डिजिपीटर म्हणजे ऐकलेली पॅकेटे पुन्हा प्रक्षेपित करणारे केंद्र. उत्तर अमेरिकेत एपीआरएस १४४.३९ मेगाहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर १२०० बॉड या वेगाने चालते, म्हणजे सेटने एका चॅनेलवर बसून राहायचे, ऐकायचे आणि क्षणभर बोलून गप्प व्हायचे. जीएम ३०० ची बांधणी अशा कामाला इतकी अनुकूल आहे की त्यासाठी पेटी उघडण्याचीही फारशी गरज पडत नाही. मागच्या कनेक्टरवर ३ क्रमांकाची पिन पीटीटीची, ७ जमिनीची (ग्राउंड), ११ रिसीव्हरकडून येणाऱ्या आवाजाची, २ मायक्रोफोनच्या मार्गाने जाणाऱ्या आवाजाची आणि ५ कोणताही संस्कार न होता थेट प्रक्षेपकाकडे जाणाऱ्या आवाजाची. आत जेयू ५५१ नावाचा एक जंपर आहे. ११ क्रमांकाच्या पिनवर कच्चा, स्क्वेल्चने न तुटणारा आवाज हवा की संस्कारित, हे तो ठरवतो. ९६०० बॉडच्या पॅकेटसाठी कच्चा आवाज आणि पिन ५ हीच जोडी लागते. १२०० बॉडला मात्र पिन २ पुरते. या तारा मी साउंड कार्डमार्गे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडल्या, त्यावर डायरवुल्फ ही मुक्त प्रणाली बसवली आणि दोन सुट्टीच्या दिवसांत डिजिपीटर उभा राहिला. वेगळा टीएनसी (पॅकेटसाठीचा मोडेम) विकत घ्यावा लागला नाही. अँटेनासाठी मात्र मिनी यूएचएफ नावाची जोडणी असल्याने एक ॲडॉप्टर घ्यावा लागतो.

सेटचे काम कसे आहे, याचे उत्तर मी मोकळेपणाने उत्तम असे देईन. मित्राच्या सर्व्हिस मॉनिटरवर (रेडिओ तपासण्याच्या यंत्रावर) तपासले तेव्हा ०.२२ मायक्रोव्होल्ट इतक्या क्षीण संदेशालाही १२ डीबी सिनॅड (आवाज खरखरीपेक्षा किती स्पष्ट आहे याचे माप) मिळाला. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, माझ्या घरापासून एक मैलावर पेजर आणि इतर सेवांचे उंच टॉवर आहेत, तेथील प्रबळ लहरींमुळे माझा हातातील छोटा सेट बाहेरच्या अँटेनावर जवळजवळ बहिरा होतो, आणि जीएम ३०० त्याच अँटेनावर दूरच्या गाड्यांची क्षीण पॅकेटे शांतपणे उचलतो. व्यावसायिक रिसीव्हरच्या पुढच्या भागात जी निवडक्षमता असते, तिचा फायदा येथे कानांना कळतो. ओतीव धातूची ही पेटी बसच्या हादऱ्यांसाठी बनवलेली असल्यामुळे माळ्यावरील उन्हाळा आणि ओहायोची हिवाळी थंडी यांचा तिच्यावर परिणाम झालेला नाही.

शक्ती मात्र मी ४५ वॉटवरून २० वर उतरवून ठेवली आहे. मोबाइल सेट सतत प्रक्षेपण करण्यासाठी बनवलेला नसतो. पूर्ण शक्तीवर तो दहा अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो आणि मागचे उष्णता बाहेर टाकणारे शीतपृष्ठ झपाट्याने तापते. एपीआरएसचे प्रक्षेपण क्षणाचे असल्याने मला पंखा लागला नाही. तथापि याच सेटची जोडी बोलण्याच्या रिपीटरसाठी (ऐकलेले बोलणे त्याच वेळी पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रासाठी) वापरायची असेल, जसे मोटोरोलाने स्वतः जीआर ३०० या पेटीत दोन मोबाइल सेट बसवून केले होते, तर शक्ती कमी ठेवून पंखा अवश्य बसवावा.

बोलण्यासाठी हा सेट एकमेव म्हणून घ्यावा का? माझे मत नाही असे आहे. पडद्यावर केवळ चॅनेलचा क्रमांक दिसतो, वारंवारता नाही. जास्तीत जास्त सोळा चॅनेल बसतात. प्रवासात नव्या गावचा रिपीटर टाकायचा झाला तर पुन्हा तो जुना लॅपटॉप शोधावा लागतो. नव्याने परवाना मिळवलेल्या हॅमला दीडशे ते दोनशे डॉलरांचा नवा, समोरून वारंवारता टाकता येणारा सेट अधिक उपयोगी पडेल. आणखी एका गोष्टीने नवशिके गोंधळतात. मायक्रोफोन अडकवण्याची धातूची क्लिप जमिनीला जोडलेली नसेल तर मायक्रोफोन ‘उचललेला’ आहे असे सेट समजतो आणि टोनचे बंधन सोडून सर्वांचे बोलणे ऐकवू लागतो. टोन नीट टाकूनही असे झाल्यास दोष प्रोग्रामिंगमध्ये शोधू नये, क्लिपची तार पाहावी.

एकूण खर्च सांगायचा तर सेटचे तीस, ॲडॉप्टर, प्लग आणि तारांचे वीस आणि साउंड कार्डाचे दहा डॉलर. रास्पबेरी पाय आणि पॉवर सप्लाय घरात होते. येत्या मे महिन्यात मी ४३८ ते ४७० मेगाहर्ट्झच्या जातीचे दोन यूएचएफ सेट शोधणार आहे, कारण ४४० ते ४५० हा अमेरिकेतील रिपीटरांचा भाग त्यात विनासायास बसतो आणि आमच्या क्लबच्या दोन ठिकाणांमधील दुव्यासाठी तशी जोडी हवी आहे. मॉडेल क्रमांक तपासण्यासाठी भिंग आणि मुक्या सेटांची परीक्षा घेण्यासाठी १५-१६ पिनांचा जंपर मी आत्ताच पिशवीत ठेवला आहे.