अवकाळीनंतर हरिश्चंद्रगड: पाचनई की खिरेश्वर?
कार्तिकात वादळी पाऊस पडून गेला की गडावर पाचनई आणि खिरेश्वर या पायथ्याच्या गावांपैकी कुठून चढायचं, हा प्रश्न येतोच. वेळेत पाचनई सरस: दोन-अडीच तास. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे चार-पाच. निसरडं दोन्हीकडे. पाचनईला ओढ्याचा शेवाळी कातळ नडतो. पाणी गुडघ्यावर असेल तर ओलांडू नका. खिरेश्वरच्या वाटेवर खिंडीवरच्या कातळटप्प्यात रेलिंग आहे, पण हलवून पाहा, मगच भार टाका. खरी गोम पुढे पठारावर: टेकड्या सगळ्या सारख्या, ढग उतरला की दिशा चुकते, त्यात आडवं झालेलं गवत मळलेली वाटही झाकतं. प्रवासाला मात्र खिरेश्वर सोपं, खुबी फाट्यापर्यंत एसटी.

नवखे किंवा मुलं सोबत असतील तर पाचनईच. वाट पायाखालची, आभाळ निवळलेलं आणि सातच्या आत चढाई सुरू होणार असेल, तरच खिरेश्वर.