नवी पेठेतल्या ‘घटनादुरुस्ती व सार्वमत’ नोट्स: इटली पक्की, कलम ३६८ कच्चं

स्पायरल बाइंडिंग, ६४ पानं, १२० रुपये. नवी पेठेत झेरॉक्सच्या दुकानात स्पर्धा परीक्षांच्या गठ्ठ्यात मिळतात. कागद कडक भाकरीसारखा, तक्ते मात्र इतके फिके की भिंग लागावं.

इटलीच्या प्रकरणात पैसे वसूल. दोन्ही सभागृहांत दोनदा मंजुरी, मध्ये किमान तीन महिने. दुसऱ्या खेपेला दोन्हीकडे दोन-तृतीयांश मिळाले तर सार्वमत नाहीच. नाहीतर तीन महिन्यांत पाच लाख मतदार, एखाद्या सभागृहाचे एक-पंचमांश सदस्य किंवा पाच प्रादेशिक परिषदा ते मागू शकतात. पोरं जिथं हमखास फसतात तेही नीट सोडवलंय: कायदा रद्द करायच्या सार्वमताला निम्म्याहून जास्त मतदान लागतं, घटनादुरुस्तीच्या सार्वमताला अशी अट नाही. म्हणून २००१ मध्ये ३४ टक्के मतदानावरही दुरुस्ती पक्की झाली.

ऑस्ट्रेलियात घोळ आहे. ‘देशभरात बहुमत’ एवढंच छापलंय. सहापैकी चार राज्यांतही बहुमत लागतं. १९७७ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या एकत्र निवडणुकांच्या प्रस्तावाला ६२ टक्के होकार मिळाला, पण राज्यं तीनच, म्हणून पडला. हे वगळल्यावर ४५ पैकी ८ च प्रस्ताव का मंजूर झाले ते कळणार कसं?

सगळ्यात महाग चूक कलम ३६८ ची, म्हणजे आपली राज्यघटना कशी दुरुस्त करायची ते सांगणाऱ्या कलमाची. ‘एकूण सदस्यांचे दोन-तृतीयांश’ हे साफ चूक. दोन-तृतीयांश हजर राहून मत देणाऱ्यांचे, शिवाय एकूण सदस्यसंख्येचं बहुमत. लोकसभेत ५४३ धरा: ४५० जणांनी मत दिलं तर ३०० हवेत; ३९० जणांनी दिलं तर दोन-तृतीयांश २६० होतात, पण तेवढ्यावर भागत नाही, २७२ लागतातच. संघराज्याशी निगडित तरतुदींना वर निम्म्या राज्यांची संमती. संयुक्त बैठकीची सोय नाही, हेही राहिलंय.

१९७८ मध्ये घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांना हात लावायचा तर सार्वमत घ्यावं अशी तरतूद विधेयकात होती, ती राज्यसभेत गळाली. हे एका ओळीत का होईना, दिलंय. गोव्याचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल मात्र घटनादुरुस्तीच्या यादीत कोंबलाय. तो महाराष्ट्रात विलीनीकरण की केंद्रशासित प्रदेश, एवढ्यापुरता होता.

अख्खा संच घेऊ नका. दुकानदार सुटी पानं काढून देतो. इटलीची तेवढी मागा.