८०० आणि १५०० मीटरसाठी साधा देशी स्पाइक: बॅनिस्टरच्या मापाने केलेलं परीक्षण

नाशिकच्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत साधारण हजार-बाराशेपासून दोन हजारांपर्यंत मिळणारा देशी बनावटीचा मिड-डिस्टन्स स्पाइक, म्हणजे मध्यम पल्ल्याच्या शर्यतींचा खिळ्यांचा बूट, हा या परीक्षणाचा विषय. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण चार-पाच नावांनी येणारा हा माल जवळपास एकाच घडणीचा असतो. वर जाळीचं कापड, चवड्याखाली टणक प्लास्टिकची प्लेट, तिच्यात सहा-सात खिळे, टाचेखाली फोमची पातळ पाचर, आणि सोबत एक पाना व जादा खिळ्यांची पुडी. ज्याला जिल्हा किंवा विभागीय स्पर्धेत ८०० किंवा १५०० पळायचं आहे त्याच्यासाठी हा बूट पैसे वसूल करतो. अट एकच, घेताना डोळे उघडे ठेवायचे आणि घेतल्यावर त्याची निगा राखायची.

तपासायचा कसा, हे शिकवून गेलेला माणूस म्हणजे रॉजर बॅनिस्टर. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर त्याने एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पळून चार मिनिटांची भिंत पाडली, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधीचा गुंडर हेगचा विश्वविक्रम ४:०१.४ चा होता आणि तो १९४५ पासून हलला नव्हता. बॅनिस्टरने आपल्या बुटांवर किती विचार केला होता, हे मात्र फारसं बोललं जात नाही. बूट खास बनवून घेतलेले, पातळ चामड्याचे, एकेक जेमतेम सव्वाशे ग्रॅमचा. तेव्हाचा ट्रॅक सिंडरचा, म्हणजे जळलेल्या कोळशाच्या कचीचा. ओल्या कचीचा थर खिळ्यांना धरला की प्रत्येक पावलाला वजन उचलावं लागतं. म्हणून डॉक्टरकीचं शिक्षण घेणाऱ्या या माणसाने शर्यतीच्या दिवशी सकाळी आपल्याच हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतल्या सहाणेवर खिळ्यांना धार लावली, त्यांना ग्रॅफाइट चोळलं, आणि मग ऑक्सफर्डची गाडी पकडली. २०१५ मध्ये त्या बुटांचा लिलाव झाला तेव्हा २ लाख ६६ हजार ५०० पौंड आले. धावपटूने त्यातून घ्यायचं ते एवढंच, की वजन, खिळा आणि जमीन या तीन गोष्टींचा मेळ बसला पाहिजे. आपला दीड हजाराचा स्पाइकही याच तीन कसोट्यांवर घासून बघू.

आधी वजन. साधा स्पाइक मापानुसार एका बुटाला दोनशे ग्रॅमच्या आगेमागे भरतो. बॅनिस्टरच्या बुटापेक्षा हे जड असलं तरी रोजच्या ट्रेनिंग शूजपेक्षा खूपच हलकं आहे, आणि शाळकरी-कॉलेजच्या पातळीवर पुरेसं आहे. दुकानात काटा नसेल तर शेजारच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दोन्ही बूट वेगवेगळे तोलून घ्या. डाव्या-उजव्यात दहा-पंधरा ग्रॅमचा फरक आला तर एकात गोंद जास्त ओतलाय किंवा फोमची जाडी वेगळी आहे असं समजा आणि दुसरी जोडी मागा. देशी मालात हे घडतं.

नंतर वाकवून बघा. एका हाताने टाच आणि दुसऱ्या हाताने टोक धरून दाबलं की बूट चवड्याच्या रेषेत, बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. तळव्याच्या मधोमध घडी पडत असेल तर प्लेट आखूड आहे. असा बूट १५०० च्या तिसऱ्या फेरीत तळव्याला गोळा आणतो. अजिबातच वाकत नसेल तर तो स्प्रिंटचा आहे. दुकानदार दोन्ही एकाच खोक्यात ठेवतात आणि पुष्कळांना फरक ठाऊक नसतो. ओळखायची खूण टाचेत आहे: स्प्रिंटच्या बुटाला टाचेखाली फोम जवळपास नसतोच, मिड-डिस्टन्सच्या बुटाला बोटभर का होईना पाचर असते. ८०० च्या शेवटच्या शंभरात पाय दमले की टाच जमिनीला लागतेच, तेव्हा ती पाचर लागते.

आता खिळे. या बुटाचा खरा कस इथे लागतो, आणि तक्रारीही सगळ्यात जास्त इथल्याच. खिळे काढता-घालता येतात का, हे पहिलं विचारा. प्लेटमध्येच कायमचे ठोकलेले खिळे असलेला स्वस्त प्रकार अजून विकला जातो, तो फुकट दिला तरी घेऊ नका. खिळा झिजला की अख्खा बूट गेला, आणि जमीन बदलली तरी खिळा बदलता येत नाही. बदलता येणारे असतील तर दुकानातच सगळे खिळे काढायला लावा आणि पुन्हा बसवा, तेही आधी हाताने. दीड-दोन फेऱ्या बोटांनी सहज बसल्या पाहिजेत, त्यानंतर पाना लावायचा. सुरुवातीलाच पाना लावून जोर केला की खिळा तिरका बसतो आणि प्लेटमधले आटे मरतात. प्लेटमध्ये बसवलेला धातूचा बुश खिळ्याबरोबर फिरायला लागला, तर त्या भोकात पुन्हा खिळा धरत नाही. अशी जोडी तिथल्या तिथे परत करा, घरी नेल्यावर कोणी बदलून देत नाही.

लांबीचा नियम सोपा आहे. सिंथेटिक ट्रॅकवर नियमाने जास्तीत जास्त ९ मिलिमीटर चालतात, पण ट्रॅक जपण्यासाठी बहुतेक ठिकाणी ६ मिलिमीटरचाच आग्रह असतो. म्हणून स्पर्धेला ६ चे लावून जा आणि बाकीचे पिशवीत ठेवा. एका बुटाला ११ पेक्षा जास्त खिळे चालत नाहीत, ती अडचण या बुटात येत नाही. बुटाच्या तळाच्या जाडीचीही काळजी नको. १ नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकच्या सगळ्या शर्यतींना २० मिलिमीटरची मर्यादा आहे आणि साधा स्पाइक तिच्या बराच आत असतो. महागड्या जाड फोमच्या जुन्या जोड्या कोणी ऑनलाइन स्वस्तात विकत असेल, तर मात्र हा आकडा आधी बघा.

मुरमाच्या मैदानावर ९ मिलिमीटरचा, पिरॅमिड आकाराचा खिळा चांगला चालतो. सुईसारखा बारीक खिळा मुरमात खड्यावर आपटून वाकतो. बरेच दुकानदार बुटात सुईचे खिळे बसवून देतात आणि पुडीत पिरॅमिडचे टाकतात. घरी आल्यावर अदलाबदल करून घ्या.

नाशिकची मोठी अडचण काळ्या मातीची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शाळा-कॉलेजांची मैदानं ओली असतात, आणि नेमक्या याच काळाच्या शेवटी शालेय स्पर्धा सुरू होतात. काळी माती खिळ्यांच्या मध्ये अशी बसते की दोन फेऱ्यांत प्लेट दिसेनाशी होते. बूट जड होतो हे एक, आणि खिळे मातीत बुडाल्यामुळे पकडच राहत नाही हे दुसरं. वळणावर पाय बाहेर सरकतो आणि घोटा मुरगळतो. बॅनिस्टरची ओल्या कचीची अडचण आणि आपली काळ्या मातीची अडचण एकच, आणि त्याचा उपाय इथेही चालतो. कोरड्या, स्वच्छ प्लेटवर कुलपात घालायची ग्रॅफाइटची पूड बोटाने चोळा, खिळ्यांच्या मुळाशी जास्त. पूड नसेल तर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा. माती चिकटायची पूर्ण थांबत नाही, पण ढेकळं धरत नाहीत, पाय आपटला की गळून पडतात. चिखल पायाखाली दाबला जाण्याइतका ओला असेल, तर मात्र स्पाइक घालूच नका. त्या दिवशी साधे शूज घालून गवतावर पळा.

गवताला कमी लेखू नका. पीटर स्नेलने १९६२ मध्ये न्यूझीलंडमध्ये एका आठवड्याच्या अंतराने मैल आणि ८०० मीटर असे दोन विश्वविक्रम केले, ३:५४.४ आणि १:४४.३, आणि दोन्ही गवताच्या ट्रॅकवर.

बूट पायात घालून बघायची वेळ संध्याकाळची, पाय थोडे सुजलेले असताना. मोजे पातळ. ट्रेनिंग शूजमध्ये अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडतात, इथे अर्धं बोट पुरे. टाच उचलली की ती बुटातून निसटता कामा नये. या देशी बुटांची टाच सैल आणि चवडा अरुंद असतो, हा त्यांचा कायमचा दोष. सह्याद्रीतल्या पाड्यांवर अनवाणी वाढलेल्या मुलामुलींचा चवडा मुळातच रुंद असतो. सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतने मेडल आणल्यापासून हरसूल, पेठ, सुरगाणा भागातली कितीतरी पोरं नाशिकला पळायला येतात, आणि त्यांच्याच पायाला हा बूट चावतो. करंगळीच्या बाजूने दाब येत असेल तर एक माप मोठं घेऊन टाचेत पातळ फोमची पट्टी चिकटवा. चवड्यात घट्ट बूट 'पुढे सैल होईल' म्हणून घेऊ नका. जाळी सैल होते, प्लेट होत नाही.

घेतल्यावर लगेच पूर्ण शर्यत पळायची घाई करू नका. स्पाइकमध्ये टाच खाली जाते, सगळा भार चवड्यावर येतो आणि पोटरी व टाचेमागची शीर ताणली जाते. पहिल्या आठवड्यात दोन दिवस, वॉर्मअपनंतर गवतावर शंभर-शंभर मीटरचे चार ते सहा स्ट्राइड, म्हणजे मोकळ्या, लांब पावलांच्या धावा, बस. दुसऱ्या आठवड्यात दोनशेचे चार. तिसऱ्यात चारशेचे दोन-तीन. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटरी नुसती जड वाटली तर चालेल. टाचेमागे टोचल्यासारखं दुखत असेल तर आठवडाभर स्पाइक बाजूला ठेवा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी हाडात शिरते, तेव्हा वॉर्मअप किमान वीस मिनिटांचा हवा.

आणि रोज स्पाइक नकोच. बॅनिस्टरच्या तयारीचा गाभा होता ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. सुरुवातीला फेरी ६६ सेकंदांत होत होती, ती ६१ वर आली आणि तिथेच अडकली. मग तो पळणं सोडून स्कॉटलंडला डोंगर चढायला गेला, आणि परत आल्यावर ५९ लागला. नाशिकमध्ये राहणाऱ्याला डोंगर शोधत जावं लागत नाही. पांडवलेण्याच्या पायऱ्या किंवा चामरलेणी, आठवड्यातून एकदा, साध्या बुटात.

पोलीस भरतीसाठी हा स्पाइक घ्यावा का, हा प्रश्न दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येतो. आमचं मत स्पष्ट आहे: नको. भरतीचं मैदान कसं असेल सांगता येत नाही आणि खिळ्यांचे बूट चालतील की नाही हे त्या वेळच्या सूचनांवर असतं. हलके सपाट रनिंग शूज घ्या, उरलेल्या पैशांत एक स्टॉपवॉच. मुलांची १६०० मीटर म्हणजे मैलाला फक्त नऊ मीटर कमी, त्यामुळे बॅनिस्टर भरतीवाल्यांच्या कामाचा आहेच. ५ मिनिटं १० सेकंदांत पूर्ण गुण म्हणजे चारशेची फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांची. पहिली फेरी सत्तरमध्ये मारून तिसरीत पंच्याऐंशीवर येणारी मुलं गुण तिथेच घालवतात. बॅनिस्टरच्या चार फेऱ्या बघा: ५७.५, ६०.७, ६२.३ आणि ५८.९. विश्वविक्रमाच्या दिवशीसुद्धा सगळ्यात जलद आणि सगळ्यात संथ फेरीत पाच सेकंदांपेक्षा कमी फरक. पहिल्या फेरीत तो स्वतः, त्याला वेग धरून देण्यासाठी पुढे पळणाऱ्या ख्रिस ब्रॅशरला 'आणखी जोरात' म्हणून ओरडत होता. ब्रॅशरने ऐकलं नाही, वेग तोच ठेवला, आणि विक्रम त्यामुळेच झाला.

८०० ची रीत वेगळी आणि आपल्याकडे तिचा मानदंड श्रीराम सिंह. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकच्या फायनलमध्ये पहिल्या फेरीला तो सगळ्यांच्या पुढे होता. शेवटी सातवा आला, पण १:४५.७७ चा त्याचा राष्ट्रीय विक्रम २०१८ मध्ये जिन्सन जॉन्सनने १:४५.६५ करेपर्यंत कोणाला मोडता आला नाही. बेचाळीस वर्षं! ८०० पळणाऱ्या प्रत्येक पोराला हा आकडा माहीत असायला हवा.

निगेचं थोडक्यात. मैदानाच्या सिमेंटच्या पायऱ्यांवरून स्पाइक घालून चालू नका, दोन चकरांत टोकं बोथट होतात. ट्रॅकच्या कडेला बसून घाला आणि तिथेच काढा. पळून झाल्यावर जुन्या टूथब्रशने प्लेट घासा, आत वर्तमानपत्र कोंबा आणि सावलीत वाळवा. उन्हात ठेवला की प्लेटचा गोंद सुटतो आणि टोकापासून बूट उघडायला लागतो. तसं झालंच, तर बूट शिवणाऱ्या कारागिराकडून पुढच्या बाजूने शिलाई मारून घ्या, पण सुई प्लेटच्या बाहेरून गेली पाहिजे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, खिळे गंजतात. महिन्यातून एकदा सगळे खिळे काढा, आट्यांना व्हॅसलीन लावा, परत बसवा. एखादा खिळा वाटेत पडला तर भोक तसंच ठेवून पळू नका. खडे शिरून आटे भरतात आणि मग सुईने टोकरत बसावं लागतं. नवा खिळा हाताशी नसेल तर जुना, झिजलेला का होईना, लावून ठेवा.

एवढं सांभाळलं तर एक हंगाम नक्की, मुरमावर कमी वापरला तर दोन. ३००० मीटर आणि त्यापुढच्यांनी हा बूट घेऊ नये, टाचेचा फोम तेवढं अंतर सोसत नाही. दुकानात जाताना पातळ मोजे सोबत न्या, आणि निघण्याआधी ६ मिलिमीटरच्या पिरॅमिड खिळ्यांची एक पुडी वेगळी मागून घ्या. खोक्यातल्या पुडीत ते खिळे बहुतेक वेळा नसतात.