पाट्याला वेल्डिंग मारत नाही म्हणाले, तिथंच चार स्टार

नारायणगाववरून वाशीला टोमॅटो नेतो, बोलेरो पिकअप आहे. गेल्या महिन्यात मागच्या डाव्या बाजूचा मेन पाटा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची सगळ्यात लांब पट्टी, चिरला, घाईत होतो म्हणून रस्त्यावरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून टाके मारून घेतले, अर्ध्या तासात मोकळा, पैसे पण किरकोळ. चौथ्या फेरीला खंडाळ्याचा घाट उतरताना खाडकन आवाज आला, गाडी डावीकडे बसली आणि एक्सल तिरका झाला, स्टिअरिंग हातात राहीना. कशीबशी कडेला घेतली. क्रेट 90 होते, लोड जास्त होता, ते मान्य.

माल दुसऱ्या गाडीत टाकून पिकअप टो करून चाकणला या दुकानात आणली. मी म्हटलं शेठ परत जोडून द्या, तर त्यांनी तुटलेला तुकडाच हातात दिला, म्हणाले बघा कुठं तुटलाय. टाका तसाच शाबूत आणि पाटा टाक्याच्या शेजारी बोटभर अंतरावर साखरेसारखा दाणेदार तुटलेला. पाट्याचं स्टील पाणी दिलेलं, म्हणजे तापवून-थंड करून चिवट केलेलं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेनं ते पाणी उतरतं आणि टाक्याच्या कडेचा भाग काचेसारखा कडक होतो, मग लवायच्या जागी मोडतो. म्हणून पाटा नवाच, तोही दोन्ही बाजूंना, म्हणजे गाडी एकीकडे झुकणार नाही. पाटे एक्सलला बांधणारे यू बोल्ट आणि पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट पण नवे, जुने परत आवळत नाहीत.

वेल्डिंग केलं ते फक्त चासीवरच्या चिरलेल्या हँगरला, म्हणजे पाट्याचं टोक जिथं अडकतं त्या ब्रॅकेटला, कारण ते साधं लोखंड. तेही आधी बॅटरीची टर्मिनल काढली, ईसीएमचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉकेट काढलं, ब्रेक पाइपवर ओलं गोणपाट टाकलं, रंग घासून लोखंड उघडं केलं आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावला. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होते, हे मला या वयात कळलं! भेगेच्या टोकाला आधी ड्रिलनं भोक पाडलं, म्हणजे चीर पुढं सरकत नाही. पोरगं गरम टाक्यावर पाणी मारायला निघालं तर शेठ असे काही ओरडले की विचारू नका.

जास्त लोडसाठी एक पाटा वाढवून द्या म्हटलं तर म्हणाले, पाटा वाढवून ब्रेक आणि टायर वाढतात का? गप्प बसलो.

साडेनऊ हजार झाले, बिल मागितल्यावरच दिलं, आणि साडेचार तास बसायला एक स्टूल, म्हणून एक स्टार कापला. 500 किलोमीटरनंतर यू बोल्ट परत आवळून दिले, फुकट. फक्त गुरुवारी जाऊ नका, लाईट असली तर असली.