पितळी पिनहोल्डर: घरच्या लाल-केशरी फुलांसाठी घ्याच

बागेत फुलं भरपूर, पण फ्लॉवरपॉटमध्ये ठेवली की सगळी एका अंगाला कलंडतात आणि मधे भोक पडतं, असं ज्यांचं होतं त्यांनी डोळे झाकून हा पिनहोल्डर घ्या. जपानी इकेबानात वापरतात ते केंझान म्हणजेच हे. खाली शिसं या धातूची जड गोल चकती आणि वर पितळेच्या दाट टोकदार पिना, हा उथळ भांड्यात पाण्यात ठेवायचा, पिनांत देठ रोवायचा, बस्स. मी तीन इंची ऑनलाइन मागवला, सहाशेच्या आत मिळाला, पावसाळा हिवाळा सगळं झालं तरी एक पिन हललेली नाही.

आमच्या परसात सगळे गरम रंगच आहेत, केशरी झेंडू, लाल झिनिया, गलांडा म्हणजे गॅलार्डिया, केशरी कॉसमॉस, कोंबडा, कडेला कर्दळ. आता घरच्या फुलांचं कसं असतं, एकाचा देठ वीतभर, दुसऱ्याचा चार बोटं, तिसरा वाकडाच. उंच फ्लॉवरपॉटमध्ये आखूड देठाचं फूल पाण्यापर्यंत पोचतच नाही आणि मंडईत हारासाठी किलोवर जी फुलं मिळतात त्यांना तर देठच नसतात. पिनहोल्डरमध्ये आखूड देठसुद्धा चालतो, फूल जिथं रोवलं तिथंच उभं राहतं, म्हणून मूठभर फुलांत काम होतं. आमच्या आत्तींनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाल्या, "अगं येवढ्याशा फुलात भांडं भरलं की गं!" आणि झाडावरची फुलं ओरबाडू नका म्हणून रोज ओरडणाऱ्या आत्ती हल्ली स्वतःच कात्री घेऊन जातात.

रंगाचं माझं मत सांगते. लाल, केशरी, पिवळा तिन्ही सारखे घेतले तर डोळ्याला कुठं थांबायचं तेच कळत नाही, म्हणून एक रंग जास्त ठेवायचा. मी केशरी जास्त घेते. गडद लाल कोंबडा अगदी खाली, पिनांना चिकटून, त्यानं पिनाही झाकतात आणि खालची बाजू भारदस्त दिसते. मग केशरी झिनिया आणि झेंडू कमी-जास्त उंचीवर, आणि पिवळा कॉसमॉस नाहीतर गलांडा सगळ्यात वर, बाहेर झुकलेला. मागं क्रोटनची किंवा तांबड्या कर्दळीची दोन पानं लावली की बाकीचे रंग पेटून उठतात. पांढरं फूल यात नकोच, सगळी नजर तेच खाऊन टाकतं.

कॉसमॉससारखे बारीक देठ दोन पिनांच्या मधून निसटतात, तेव्हा तीन-चार देठ दोऱ्यानं बांधून एकत्र रोवायचे, नाहीतर कर्दळीच्या जाड देठाचा इंचभर तुकडा पिनांवर बसवून त्यात बारीक देठ खोचायचा, हे तर लईच भारी चालतं. लाकडी फांदी असेल तर टोक तिरकं कापून थोडं चिरायचं, सरळ रोवायची आणि मग हवी तिकडं वाकवायची. आधीच तिरकी घुसवली तर पिना वाकतात. वाकलीच एखादी तर संपलेल्या रिफिलची धातूची नळी तिच्यावर घालून सरळ करता येते.

फुलं सकाळी ऊन चढायच्या आत काढा आणि दोन-तीन तास सावलीत बादलीभर पाण्यात ठेवा, मग मांडा. झिनियाचा देठ फुलाखाली वीतभर अंतरावर धरून हलवून बघायचा, मान लटलटली तर फूल अजून कच्चं आहे, काढलं तर त्याच दिवशी माना टाकणार. ताठ राहिली तरच कापा. झेंडूची पाण्यात बुडणारी पानं सगळी काढून टाका, नाहीतर पाणी कुजून वास सुटतो. पाणी रोज बदललं तर झिनिया, झेंडू चांगले टिकतात. जास्वंद मात्र एका दिवसाचंच फूल, ते देवाला वाहा.

आधी मी फुलं खोचायचा हिरवा फोम वापरायचे. तो एक प्रकारचा प्लास्टिकच आहे, एकदा भोकं पडली की पुन्हा नीट वापरता येत नाही, आणि बेसिनमध्ये धुताना त्याचा भुगा सरळ गटारात जातो. कोल्हापुरात गटार म्हणजे पुढं जयंती नाला आणि पंचगंगा, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पिनहोल्डर मात्र घासला, वाळवला की परत तयार. जुन्या टूथब्रशनं पिनांमधला कचरा काढायचा आणि पालथा घालून वाळवायचा.

तक्रारीच्या दोन गोष्टी आहेत. एक, याच्यासोबत चिकटवायला काहीच मिळत नाही, गुळगुळीत भांड्यात थोडा सरकतो. भांडं कोरडं असताना खाली क्लेची वळी लावून दाबून बसवा, मग पाणी घाला. दुसरं, दुसऱ्या एका विक्रेत्याकडून जाऊबाईंनी स्वस्तातला मागवला होता, तो हलका निघाला, उंच कर्दळ लावली की भांड्यासकट आडवा, आणि पिनांना महिन्याभरात गंज. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून वजन लिहिलंय का आणि पिना पितळेच्या आहेत का ते बघूनच ऑर्डर करा.

आणि यात शिसं आहे, तेव्हा खायच्या भांड्यात अजिबात ठेवू नका. आम्ही आत्तींची वापरात नसलेली जुनी पितळी परात फक्त यालाच ठेवलीय, केशरी फुलं त्या पितळेत काय दिसतात म्हणून सांगू! हाताळल्यावर हात धुवा, आणि घरात लहान पोरं किंवा मांजर असेल तर उंच जागी मांडा, पिना खरंच टोचतात आणि ते पाणी कुणाच्या तोंडात जाता कामा नये. पहिल्यांदा घेणार असाल तर तीन इंचीच घ्या, दोन इंचीत कर्दळ उभी राहत नाही.